तार कुठून जाते, निरोप कुठून जातो : संगणकांच्या जोडणीविषयी वाचकांचे प्रश्न

संगणक एकमेकांना जोडण्याच्या निरनिराळ्या मांडण्यांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे जमली होती. त्यांपैकी सहा निवडून येथे उत्तरे दिली आहेत. काही प्रश्न थोडक्यात संपणारे होते, तर काहींसाठी मुळापासून सांगणे भाग होते.

प्रश्न : मी कळव्याच्या एका शाळेत संगणक शिकवते. पुस्तकात बस, रिंग, स्टार आणि मेश अशा चार आकृत्या आहेत. आमच्या प्रयोगशाळेत २४ संगणक भिंतीलगत गोलाकार मांडलेले आहेत आणि त्यांच्या तारा केसिंगमधून भिंतीच्या कडेकडेने जातात. ही रिंग का नाही, असे एका विद्यार्थिनीने विचारले. ही स्टार मांडणी आहे असे मी सांगितले, पण तिला पटेल असे कारण देता आले नाही.

उत्तर : पुस्तकातली आकृती आणि समोरची खोली यांचा मेळ बसत नाही, हे त्या मुलीने स्वतःहून पाहिले, याचे मला फार कौतुक वाटते. मांडणी किंवा टोपॉलॉजी हा शब्द संगणक खोलीत कुठे ठेवले आहेत याविषयी काहीच सांगत नाही. कोण कोणाला जोडलेला आहे, एवढेच तो सांगतो. लोकलच्या डब्यात लावलेला मार्गाचा नकाशा आठवा. त्यात ठाणे, कळवा, मुंब्रा ही स्थानके सरळ रेषेत, सारख्या अंतरावर दाखवलेली असतात. प्रत्यक्षात मध्ये खाडी आहे, पारसिकचा डोंगर आहे, रुळांना वळणे आहेत. तरीही तो नकाशा खोटा ठरत नाही, कारण कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कुठे बदलायची, एवढेच प्रवाशाला हवे असते. गणितज्ञ ऑयलर याने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचे कोडे सोडवताना हीच दृष्टी वापरली होती. अंतरे आणि आकार बाजूला ठेवून त्याने फक्त कोणता भाग कोणत्या भागाला जोडला आहे हे पाहिले, आणि आलेख सिद्धांत नावाची गणिताची शाखा तिथून सुरू झाली असे मानले जाते.

आता वर्गात एक प्रयोग करा. केसिंगचे झाकण काढून मुलांना एकेका तारेचा माग शेवटपर्यंत काढू द्या. प्रत्येक तार शेजारच्या संगणकात न शिरता थेट कोपऱ्यातल्या स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीपर्यंत, जाते, हे त्यांच्या लक्षात येईल. तारा शेजारीशेजारी धावतात, पण शेजार म्हणजे जोडणी नव्हे. नंतर कोणत्याही एका संगणकाची तार काढा. उरलेले २३ चालू राहतील. मग सर्व तारा तशाच ठेवून स्विचचे बटण बंद करा. सगळे संगणक एकमेकांपासून तुटतील. एका तारेच्या बिघाडाची झळ एकालाच आणि केंद्राच्या बिघाडाची झळ सगळ्यांना, हीच स्टार मांडणीची खूण आहे. कोणत्याही मांडणीची ओळख तिच्या आकृतीपेक्षा तिच्या बिघाडावरून अधिक पक्की होते, असे मला या कामात पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

पुढच्या इयत्तेतल्या मुलांना याहून एक पायरी वर नेता येईल. तारांचा नकाशा एक असतो आणि निरोप ज्या वाटेने फिरतो त्याचा नकाशा दुसरा असू शकतो. पूर्वी स्विचच्या जागी हब वापरत असत. हबमध्ये एका पोर्टने, म्हणजे तार खोचण्याच्या एका जागेने, आलेला संदेश बाकी सर्व पोर्टांवर जसाच्या तसा पाठवला जाई. म्हणजे तारा स्टारसारख्या, पण वागणूक बससारखी, सर्वांची एकच सामाईक तार असल्यासारखी. आयबीएमच्या टोकन रिंगमध्ये तर तारा एका मध्यवर्ती पेटीकडे जात असत, पण पेटीच्या आत त्यांची जोडणी अशी केलेली असे की संदेश पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा कड्यात फिरे, आणि ज्याच्या हाती टोकन, म्हणजे कड्यात फिरणारा बोलण्याचा परवाना, असेल त्यानेच बोलावे असा नियम असे. ती खोली पाहून आपण स्टार म्हटले असते आणि संदेशाचा माग काढून रिंग म्हटले असते. दोन्ही उत्तरे बरोबरच होती. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वर्ग बदलून त्या खोलीत विचारला गेला असता, तर उत्तर होकारार्थी द्यावे लागले असते.

एक व्यवहाराची गोष्ट. २४ संगणकांना २४ पोर्टांचा स्विच पुरत नाही, कारण इंटरनेटच्या राउटरला एक पोर्ट लागते आणि छपाईयंत्र आले की आणखी एक. अशा वेळी दुसरा छोटा स्विच पहिल्याला जोडतात आणि मांडणी झाडासारखी, म्हणजे ट्री, होते. त्या दोन स्विचना जोडणाऱ्या एकाच तारेवर किती संगणक अवलंबून आहेत, हे मुलांकडून मोजून घ्या.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बस मांडणी आता कुठेच वापरात नाही, असे आमचे सर सांगतात. मग ती शिकायची कशासाठी?

उत्तर : कार्यालयांतून ती गेली हे खरे आहे, पण जगातून गेलेली नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची कल्पना मांडून ती उभी केली, तेव्हा ती बसच होती : एक लांब कोअॅक्सियल केबल आणि तिला ठिकठिकाणी जोडलेले संगणक. बोलण्याआधी ऐकायचे, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचे आणि थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करायचा, हा तिचा शिष्टाचार होता. बस हा शब्द ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या ऑम्निबस या लॅटिन शब्दातून आलेला आहे, आणि रस्त्यावरच्या बसचे मूळही तेच.

नव्वदीच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कार्यालयात अशी पातळ कोअॅक्सियल केबल मी सांभाळत असे. एका सलग तुकड्याची कमाल लांबी १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० संगणक, वेग सेकंदाला १० मेगाबिट, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा एकेक टर्मिनेटर. टर्मिनेटर नसेल तर संकेत टोकावर आदळून परत फिरतो आणि पुढून येणाऱ्या संकेतात मिसळून सगळेच निकामी करतो. एका दुपारी कोणीतरी टेबल सरकवले आणि अकराच्या अकरा संगणक गप्प झाले. दोष एका जागी असतो, पण तो कोणत्या जागी आहे हे एकही संगणक सांगू शकत नाही. बसचे खरे दुखणे हे आहे. आम्ही मल्टिमीटर घेऊन बसलो. केबल धड असेल तर मधल्या टी-जोडावर साधारण २५ ओहम दिसायला हवेत, कारण दोन टर्मिनेटर समांतर असतात. त्या दिवशी ५० दिसले. मग केबल मध्यावर सोडवली आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळे मोजले. डावीकडे ५० आले, म्हणजे ती बाजू ठीक होती. उजवीकडे काटा हलेना. उजव्या बाजूचा पुन्हा मध्य, पुन्हा मोजणी. चौथ्या मोजणीला सापडले : सरकवलेल्या टेबलामागे जोडातली बारीक मधली पिन आत ओढली गेली होती. वरून जोड घट्ट दिसत होता.

हे इतक्या तपशिलात सांगण्याचे कारण असे, की ही पद्धत तुम्हाला उद्या लागणार आहे. मोटारीतली निरनिराळी नियंत्रक यंत्रे ज्या कॅन बसने जोडलेली असतात, ती बॉश कंपनीने १९८६ मध्ये पुढे आणली आणि आजही जवळपास प्रत्येक गाडीत आहे. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून दोन तारांमध्ये ६० ओहम दिसले तर केबल धड. कारखान्यांतले मीटर आणि नियंत्रक जोडणारी आरएस-४८५ ही जोडणीही बसच आहे. रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात नोकरी मिळाली, तर पहिल्या महिन्यातच एखाद्या पॅनेलमध्ये तुम्हाला ती भेटण्याची शक्यता बरीच आहे. आणि घरातले वायफाय? तिथे केबलच्या जागी हवा आहे, एका वेळी एकानेच बोलायचे आहे. मेटकाफ यांना इथरनेट सुचण्यामागे हवाई बेटांवरची अलोहानेट ही बिनतारी जोडणीच होती.

प्रश्न : वाशीला आमचे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी सर्व संगणक अडकले, इंटरनेट बंद, सर्व्हर दिसेना, आणि स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत भराभर लुकलुकत होते. दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरने एक तार काढली आणि सर्व सुरू झाले. साफसफाईच्या वेळी एका मोकळ्या तारेची दोन्ही टोके स्विचमध्येच लागली होती, असे तो म्हणाला. एक जास्तीची तार एवढा गोंधळ कसा घालू शकते?

उत्तर : जमिनीवर पडलेले मोकळे टोक दिसले, की ते कुठेतरी बसवून ठेवावे असे साफ करणाऱ्याला वाटणारच, त्याला दोष देऊ नका. दोष जोडणीच्या नियमात आहे.

एखाद्या संगणकाला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नसेल, तर ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक तो सर्वांना घालतो. याला ब्रॉडकास्ट म्हणतात आणि प्रत्येक कार्यालयात ते सतत चालू असते. अशी हाक आली, की ज्या पोर्टने ती आली ते सोडून बाकी सर्व पोर्टांवर ती पाठवायची, हा स्विचचा नियम. आता एका तारेची दोन्ही टोके पाचव्या आणि नवव्या पोर्टात आहेत असे समजा. हाक पाचव्यातून बाहेर पडते आणि नवव्यातून नवी हाक म्हणून आत येते; स्विच ती पुन्हा सगळीकडे पाठवतो, पाचव्यातही पाठवतो. त्याच वेळी नवव्यातून निघालेली प्रत पाचव्यातून परत येत असते. इंटरनेटच्या पॅकेटवर, म्हणजे संदेशाच्या तुकड्यावर, एक आयुर्मान लिहिलेले असते. प्रत्येक राउटर ते एकाने कमी करतो आणि शून्य झाले की पॅकेट टाकून देतो. इथरनेटच्या, म्हणजे कार्यालयातल्या या तारांवरून जाणाऱ्या संदेशाच्या, चौकटीवर असे आयुर्मान नसते, म्हणून ती हाक मरत नाही. प्रत्येक नवी हाक या फेऱ्यात सामील होते आणि काही क्षणांत तारांची सगळी क्षमता या प्रतिध्वनींनी भरून जाते. तुम्ही पाहिलेले एकाच लयीत लुकलुकणारे दिवे हे त्याचेच लक्षण.

यावर तोड फार सुंदर आहे आणि ती रेडिया पर्लमन या अभियंत्या बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना काढली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांना दर दोन सेकंदांनी छोटे निरोप पाठवतात, आपसांत एकाला मूळ म्हणून निवडतात, त्या मुळापर्यंतची प्रत्येकाची जवळची वाट ठेवतात आणि फेरा पूर्ण करणारी जास्तीची वाट स्वतःच बंद ठेवतात. तार जोडलेली असते, पण तिच्यावरून संदेश जात नाही. उद्या मुख्य वाट तुटली, तर तीच बंद वाट उघडते. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत, नव्या पद्धतीत सहसा काही सेकंदच लागतात. तारांच्या नकाशात फेरा आहे आणि संदेशाच्या नकाशात तो नाही, असे हे दोन नकाशांचे आणखी एक उदाहरण.

स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. पुढचा स्विच घेताना ‘लूप प्रोटेक्शन आहे का, आणि ते चालू करून देणार का’ असे दोन्ही प्रश्न विचारा, कारण सोय असूनही ती बंद ठेवलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. आणि मोकळ्या तारा जमिनीवर ठेवूच नका.

प्रश्न : कोपरखैरण्याच्या आमच्या घरी तीन डब्यांचा मेश वायफाय संच घेतला. पुस्तकातला मेश तो हाच का?

उत्तर : कल्पना तीच आहे, पण तीन डब्यांच्या घरात ती फारशी फुलत नाही. मेशमध्ये एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला एकाहून अधिक वाटा असतात. तुमचे डबे आपसांत बोलू शकतात आणि चांगली वाट निवडू शकतात, हे खरे. पण इंटरनेट पहिल्याच डब्यात येते, त्यामुळे तो बंद पडला तर उरलेल्या दोघांना एकमेकांशी बोलण्यापलीकडे काही उरत नाही. शक्य असेल तर डब्यांना आपसांत तारेने जोडा. मधला दुवा बिनतारी असला, की तीच हवा डब्यांच्या बोलण्यालाही आणि तुमच्या फोनलाही वाटून घ्यावी लागते. घराच्या भिंती काँक्रीटच्या असतील, तर हा फरक लगेच जाणवतो.

प्रश्न : मेश ही सर्वांत भक्कम मांडणी असेल, तर सगळीकडे तीच का करत नाहीत? — बारावीचा विद्यार्थी, घणसोली

उत्तर : संगणकांची संख्या घ्या, तिला तिच्याहून एकाने लहान संख्येने गुणा आणि दोनाने भागा; प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायला इतक्या तारा लागतात. ६ संगणकांना १५ तारा. २० संगणकांना १९०, आणि प्रत्येक संगणकामागे १९ पोर्टे. ही बेरीज कोणत्याच कार्यालयाला परवडत नाही. म्हणून जिथे तुटणे परवडणार नाही, तिथेच जास्तीची वाट ठेवायची, असा अर्धवट मेश जगभर वापरतात. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालांत केंद्रित, विकेंद्रित आणि वितरित अशा तीन जाळ्यांच्या आकृत्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. हल्ल्यात काही ठिकाणे नष्ट झाली तरी संदेश पोचले पाहिजेत, हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रत्येक ठिकाणाला मोजक्याच जास्तीच्या वाटा दिल्या तरी जाळे बरेच टिकते, हे त्यांनी दाखवले.

तुमच्या दारातलेच उदाहरण घ्या. रबाळ्याजवळ काही अडचण येऊन ठाणे–वाशी गाड्या थांबल्या, तर वाशीचा माणूस हार्बरने कुर्ल्याला जातो आणि तिथून मध्य रेल्वेने ठाण्याला येतो. ठाणे, तुर्भे, वाशी, कुर्ला आणि पुन्हा ठाणे असे ते कडे आहे, म्हणून एक जागा तुटली तरी दोन्ही टोके पोचतात. वेळ जास्त लागतो, कुर्ल्याला गर्दी वाढते, पण माणूस घरी येतो. मात्र कडे दोन्ही दिशांनी चालणारे हवे, हे विसरू नका. संदेश एकाच दिशेने फिरणाऱ्या कड्यात एक दुवा तुटला तरी सगळ्यांची वाट खुंटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतात दुसऱ्या वाटेने वळसा घालण्याचाच अनुभव आला. पश्चिमेकडची मोठी वाट गेली, वाहतूक पूर्वेकडच्या केबलवरून वळवली गेली, इंटरनेट कित्येक दिवस रखडत चालले, पण चालले.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत चार इमारती आहेत आणि १६ कॅमेरे बसवायचे आहेत. एका ठेकेदाराने एका इमारतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी तार ओढण्याचे स्वस्त दरपत्रक दिले आहे. दुसरा म्हणतो, प्रत्येक इमारतीपासून कार्यालयापर्यंत वेगळी फायबर टाका. तिसरा रिंग करायला सांगतो. समितीत एकमत होत नाही.

उत्तर : पहिल्या दरपत्रकातली मांडणी म्हणजे साखळी आहे. कार्यालय पहिल्या इमारतीत असेल आणि दुसऱ्या इमारतीच्या मीटर रूममधली वीज गेली, तर तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीचे कॅमेरे शाबूत असूनही त्यांचे चित्र कार्यालयात पोचणार नाही. वाचलेली केबल आणि गमावलेले आठ कॅमेरे समितीसमोर शेजारीशेजारी मांडा. मला वाटते, चर्चा तिथेच वळेल.

दुसऱ्याचा सल्ला मी घेतला असता. तांब्याच्या तारेला स्विचपासून उपकरणापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे, आणि चार इमारतींच्या आवारात ती सहज ओलांडली जाते. त्याहून महत्त्वाचे कारण पावसाळ्याचे आहे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो, जवळ वीज पडली तर तांब्याच्या तारेतून उसळलेला दाब दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत पोचतो, आणि जमिनीखालच्या नळीत साचलेले पाणी तारेच्या जोडांचा घात करते. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून इमारतींच्या मध्ये फायबर आणि प्रत्येक इमारतीच्या आत तांबे, अशी वाटणी करा. प्रत्येक इमारतीत तारेतूनच वीज पुरवणारा एक छोटा पीओई स्विच बसवा. या पद्धतीच्या पहिल्या मानकाप्रमाणे एका पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते, आणि साध्या कॅमेऱ्याला ती पुरते. फिरणारे मोठे कॅमेरे असतील तर आधी विचारून घ्या. चारही स्विचना बॅटरीचा आधार द्या, नाहीतर वीज गेलेल्या रात्रीच चित्रण नसेल.

रिंगचा सल्ला चुकीचा नाही. चौथ्या इमारतीतून पहिलीत एक फायबर परत आणली, तर कुठेही खोदकामात केबल तुटली तरी दुसरी बाजू शिल्लक राहते. पण त्यासाठी चारही स्विच मॅनेज्ड, म्हणजे आतल्या सोयी आपल्याला चालू-बंद करता येतील असे, असले पाहिजेत आणि वाशीच्या वाचकांना सांगितलेली स्पॅनिंग ट्री किंवा तत्सम सोय त्यांत चालू असली पाहिजे; साधे स्विच वापरून रिंग केली, तर पहिल्याच दिवशी १६ही कॅमेरे एकदम बंद पडतील. ठेकेदाराकडून हे लेखी घ्या, आणि काम संपल्यावर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर एका इमारतीची फायबर स्वतः काढून पाहा : स्टार केला असेल तर त्या इमारतीचेच कॅमेरे जायला हवेत, रिंग केली असेल तर थोड्या वेळात सर्व परत यायला हवेत. शिवाय प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावून घ्या आणि जोडणीचा नकाशा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून चारही मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगा.